मी मागून उठते

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. असं वाक्य सुरू झालं की पुढे सुस्कारा येणार हे तुम्ही गृहीतच धरलं असेल. हल्ली जुन्या वस्तू फार सुस्कारे टाकतात. मी टाकणार नाही. मी अकरा वर्षांची आहे, माझ्या अंगावर सात ओरखडे आहेत, मला एक खोड आहे आणि तिच्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. आधी माझी हकिकत ऐका, मग माझी कीव करायची की नाही ते ठरवा.

माझा जन्म चाकणच्या बाजूला एका मोठ्या कारखान्यात झाला. मी सेडान आहे. लांब, काळी, बुटकी, मागे डिकी असलेली. मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला रस्ता आहे हेच कळू नये, अशा बेताने मला घडवलं होतं. माझ्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नाहीत, हवा भरलेल्या जाड रबरी पिशव्या आहेत. इंजिन चालू झालं की एक छोटा पंप त्यांत हवा भरतो आणि मी माझ्या उंचीवर उभी राहते. रस्ता खराब असेल तर एक बटण दाबायचं, म्हणजे मी आणखी चार बोटं वर उठते. हे तेवढं लक्षात ठेवा. माझं नशीब या पिशव्यांवरच फिरलं.

माझे पहिले मालक सुदर्शन साहेब. हडपसरला त्यांचा कारखाना होता. मला चालवायचा उत्तरेश्वर, बार्शीकडचा, कमी बोलणारा माणूस. साहेब ऑफिसात गेले की तो मला कडुनिंबाच्या सावलीत लावायचा आणि मऊ फडक्याने पुसायचा. पुसताना कधी घाई केली नाही. एकदा साहेबांना आंबे हवे होते म्हणून त्याने मला मंडईत नेलं. तिथे एका बाईने कोथिंबिरीचं ओलं गाठोडं सरळ माझ्या बॉनेटवर ठेवलं आणि सुट्टे मोजायला लागली. उत्तरेश्वर तिचे पैसे मोजून होईपर्यंत थांबला. गाठोडं उचलल्यावर पाणी तेवढं टिपून घेतलं. माझा पहिला ओरखडा तिथला. मला तो आवडतो.

साडेनऊ वर्षं मी साहेबांची सेवा केली. मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यामागे धावले, लग्नांना गेले, एकदा रुग्णालयातही अशी वेगाने गेले की मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या आईसाहेबांच्या हातातली वाटी हिंदकळली नाही. त्या वेळी साहेबांनी माझ्या छतावर हात ठेवून "शाबास" म्हटलं होतं. पुढच्याच गुढीपाडव्याला त्यांनी एसयूव्ही घेतली. कारण विचाराल तर त्यांच्या ओळखीत सगळ्यांनी घेतली होती, म्हणून. सिग्नलला सगळे वर बसलेले आणि आपण एकटे खाली, हे त्यांना सोसेना. मला हडपसरच्याच एका जुन्या गाड्यांच्या आवारात सोडून गेले तेव्हा त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला. उत्तरेश्वर मात्र परत आला, ॲशट्रे उघडून आतला कचरा काढला, ती पुसून बंद केली आणि गेला.

आवाराचा मालक संजय. माणूस वाईट नव्हता, पण दुकानदार होता. त्याच्याकडे मी दीड वर्ष उभी राहिले आणि तिथेच मला ती खोड लागली. उन्हाने माझ्या मागच्या पिशव्यांचं रबर तडकलं आणि त्यांतून बारीक हवा जाऊ लागली. दोन दिवस इंजिन चालू केलं नाही की मी मागून खाली बसायचे, अगदी चाकांवर पोट टेकल्यासारखी. इंजिन चालू केलं की पंप घुरघुरायचा आणि मी पुन्हा उठायचे, आधी मागून, मग पुढून. संजयने यावर उपाय शोधला होता. गिऱ्हाईक यायच्या आधी सकाळी सगळ्यांत पहिल्यांदा मला चालू करायचं. पिशव्या बदलायचा उपाय त्याला सुचला नाही.

माझ्या शेजारी एक पांढरी एसयूव्ही उभी होती. वय माझ्याहून कमी, उंची जास्त, नाक त्याहून वर. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे जायचा. खोटं कशाला बोलू, तिचंही काही चुकत नव्हतं. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे तिला लागत नाहीत, साचलेल्या पाण्यातून ती नाक न भिजवता जाते. माझं मात्र प्रत्येक गतिरोधकावर पोट घासतं. पण लोक खड्ड्यांचा विचार करून तिच्याकडे जात नव्हते. ते तिच्यात चढून बसायचे आणि आधी काचेतून खाली कोण दिसतंय ते बघायचे.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी धायरीहून एक कुटुंब आलं. त्यांना घाई होती, कारण गणपती गेले की पितृपंधरवडा लागतो आणि त्यात कोणी वाहन घेत नाही. रविराज पन्नाशीच्या आतला, जमिनीचे व्यवहार करणारा. त्याची मुलगी उत्कर्षा इंजिनीअरिंगला होती. आणि काठी टेकत, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले, धोतर-टोपीतले दत्तोबा. रविराजचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर.

त्यांच्या बोलण्यातून मला सगळा प्रकार कळला. धायरीतल्या त्यांच्या आळीत भाद्रपदातल्या अमावस्येला पोळा असतो आणि वेशीतून पहिली जोडी न्यायचा मान दत्तोबांच्या घराचा. शेतावर आता सोसायटी उभी आहे. त्यांचा शेवटचा बैल चांद्या दोन वर्षांपूर्वी गेला. आळीत आता पाचच जोड्या उरल्या, म्हणून बैठकीत ठरलं की ज्याच्याकडे बैल नाहीत त्याने घरचं वाहन सजवून आणावं. पण दत्तोबांचे चुलतभाऊ हिंदुराव यांनी एक अट घालून घेतली. कर्त्या माणसाने वेशीत स्वतःच्या पायांवर उतरून मारुतीपुढे नारळ फोडायचा. त्याला कोणी उचलून उतरवलं, तर मान हिंदुरावांच्या घराकडे जाईल, आणि कायमचा जाईल. दत्तोबांचे गुडघे सगळ्या आळीला माहीत होते. हिंदुरावांना तर फारच चांगले माहीत होते.

"ट्रॅक्टर न्या की मग," असं कोणी तरी सुचवलं होतं म्हणे. ट्रॅक्टरवर दत्तोबांना चढवायला आधी क्रेन आणावी लागली असती.

रविराज थेट पांढरीकडे गेला. "आबा, हीच. हिंदुरावकाकांची आहे ना, तिच्याहून वीतभर उंच आहे."

"गाडी मी बघनार," दत्तोबा म्हणाले. "आजवर बैल मीच बघितलं. तू शाळंत व्हतास."

ते पांढरीजवळ गेले. पायरीवर एक पाय ठेवला, वरची मूठ धरली, पण दुसरा पाय उचलेना. रविराजने काखेत हात घालून त्यांना वर ढकललं, धोतराचा सोगा दारात अडकला, टोपी आत पडली. उतरताना तर दोघांनी धरून त्यांना खाली घेतलं. जमिनीवर पाय लागल्यावर त्यांनी हात सोडवून घेतले. मग धोतर झटकलं.

"मी पोतं हाय व्हय रं?" त्यांनी विचारलं.

मग ते माझ्याकडे वळले. त्या दिवशी संजय गणपतीच्या आरतीला थांबला होता, उशिरा आला होता आणि मला चालू करायचं विसरला होता. मी मागून पार बसलेली होते. दीड वर्षात कोणा गिऱ्हाइकाने मला तसं पाहिलं नव्हतं. संजयचा चेहरा पडला. माझाही पडला असता, पण मला चेहरा पाडायची सवय नाही. बघा, म्हटलं. काय बघायचं ते बघा.

दत्तोबांनी मला पूर्ण फेरी मारली. टायरच्या खाचांत बोटं घातली, खुरात घालतात तशी. बॉनेटवर तळहात ठेवून थोडं दाबलं. संजय म्हणाला, "काका, आतून इंजिन बघा ना, एकदम मेंटेन्ड आहे." त्यांनी ऐकलं नाही. मागे येऊन माझं बसलेलं अंग निरखलं आणि म्हणाले, "उठीव हिला."

संजयने नाइलाजाने इंजिन चालू केलं. पंप घुरघुरला. मी मागून उठले, मग पुढून उठले आणि सरळ उभी राहिले.

दत्तोबांचे डोळे चमकले. "बघितलंस? मागनं उठली!"

"आबा, तो फॉल्ट आहे," रविराज वैतागून म्हणाला. "एअर सस्पेन्शन लीक आहे तिचं. कोणीही सांगेल, ही गाडी घ्यायची नसते."

"फॉल्ट तुझ्या कागदात. आरं, पुढनं उठतं त्ये घोडं. बैल मागनंच उठतो. आन् बसल्यालं जनावर एका हाकंत उठतंय म्हंजी त्याच्या पाठीत दम हाय." मग त्यांनी पांढरीकडे काठी दाखवली. "तिला बसीव बघू."

"आबा, एसयूव्ही बसत नाही."

"मंग ती माझ्या काय कामाची?"

उत्कर्षा हसायला लागली. संजयही हसला आणि लगेच गंभीर झाला, कारण माझ्याकडे आलेलं ते वर्षातलं पहिलं गिऱ्हाईक होतं. मित्रांनो, गाडी घेताना असली चूक दुसरा कोणी करणार नाही. जी खोड संजयने दीड वर्ष गिऱ्हाइकांपासून लपवली, त्याच खोडीवर या माणसाने मला पसंत केलं. बैल समजून पसंत केलं, हे मला कळत होतं. अपमान वाटायला हवा होता. पण साडेनऊ वर्षांत माझ्या मालकाने मला कधी वाकून पाहिलं नव्हतं, आणि हे म्हातारं माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्या चाकांशी वाकलं होतं. मी त्यांच्याकडे जायला तयार झाले.

त्यांनी माझ्या मागच्या सीटवर बसून पाहिलं. आधी पाठ, मग पाय आत. सहज बसले. उठताना जरा जोर लागला, पण दाराची कड धरून उठले, एकटेच. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, संजयच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं दाबू लागले. बैलबाजारात भाव असाच ठरतो. संजय घाबरून रविराजकडे बघत राहिला. काय ठरलं ते टॉवेलाखालीच राहिलं, मला दिसलं नाही. मग रविराज मला धायरीला घेऊन निघाला. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत आजूबाजूला सगळ्या उंच गाड्या होत्या आणि तो मान आखडून समोर बघत होता. त्यांच्या आळीच्या तोंडाशी मोठा गतिरोधक आहे. माझं पोट करकरून घासलं. घासू दे, म्हटलं.

पुढचा पंधरवडा टोमणे खाण्यात गेला. हिंदुराव रोज फिरायला जाताना थांबायचे. "रविराज, गाडी बसली का रं आज पुन्हा? आजारी हाय का?" असं लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारायचे. रविराज मला गॅरेजला घेऊन गेला. तिथल्या माणसाने सांगितलं, पिशव्या बाहेरून मागवाव्या लागतील, पोळ्याच्या आत येणार नाहीत. रविराजने घरी येऊन चिडून सांगितलं, "आबा, हौस झाली ना? आता वेशीत तुमची शोभा होणार, आणि माझीही." दत्तोबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "जनावर दुखतंय तर त्याला बोल लावायचा न्हाई." पण आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनाही भीती वाटत होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेले बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून चोळतात. संध्याकाळी दत्तोबा वाटी घेऊन आले. त्यांच्या मागून सोजरबाई, त्यांच्या पत्नी. "अवो, गाडीला तूप? लोक काय म्हनतील?" त्या म्हणाल्या.

"लोक मेल्यावं बी म्हनत्यात."

आणि त्यांनी माझ्या पुढच्या दोन्ही चाकांवरचा पत्रा हळद-तुपाने चोळायला सुरुवात केली. चोळताना हलक्या आवाजात चांद्याचं नाव घेत होते. मित्रांनो, मी साडेनऊ वर्षं लोकांना वाहून नेलं. मला पॉलिश झालं, वॅक्स झालं, पण ओझं वाहून माझे खांदे दुखत असतील असं कधी कोणाच्या मनात आलं नव्हतं. मला रडता येत नाही. आलं असतं तर त्या संध्याकाळी रडले असते, आणि तेही तुम्हाला सांगितलं असतं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी माझ्यावर चांद्याची जुनी झूल घातली. आरशांना गोंडे बांधले, बॉनेटवर हिंगुळाचे लाल पट्टे ओढले. सोजरबाईंनी मला ओवाळलं, पुरणपोळी वायपरखाली ठेवली आणि स्वतःशीच हसल्या. उत्कर्षा चालवायला बसली, शेजारी रविराज, मागे पांढरं धोतर नेसलेले दत्तोबा, मांडीवर नारळ. आमच्या मागे पाच बैलजोड्या, तीन ट्रॅक्टर, आणि या सगळ्यांच्या मागे हिंदुरावांची उंच गाडी.

वेशीपाशी गर्दीत मिरवणूक थांबली ती थांबलीच. हलगी वाजत होती, मागचे बैल इंजिनच्या आवाजाने बुजत होते. रविराज म्हणाला, "बंद कर गाडी." उत्कर्षाने इंजिन बंद केलं. ऊन डोक्यावर, तीन माणसं आत, पिशव्या तडकलेल्या. एरवी दोन दिवस लागायचे ते त्या दिवशी अर्ध्या तासात झालं. मी खाली बसत गेले आणि मला ते थांबवता येईना. हिंदुराव गाडीतून उतरून पुढे आले तोवर माझं पोट जवळजवळ रस्त्याला टेकलं होतं.

पुजाऱ्याने हाक मारली. हलगी थांबली. दत्तोबांनी दार उघडलं, दोन्ही पाय बाहेर ठेवले. सीट इतकी खाली गेली होती की त्यांचे गुडघे छातीजवळ आले. त्यांनी दाराची कड धरून जोर केला आणि परत मागे पडले. दुसऱ्यांदा केला, पुन्हा पडले. सगळी आळी बघत होती.

"दादा, कशाला तरास करून घेता?" हिंदुराव गोड आवाजात म्हणाले. "रविराज, धर की म्हाताऱ्याला. आम्ही काय परके हाय?"

रविराज उतरून आला होता. त्याने हात पुढे केला. दत्तोबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हात लावू नगंस." मग त्यांनी उजवा तळवा उगारून माझ्या छताच्या कडेवर मारला. बसलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तसा, आणि खड्या आवाजात ओरडले, "ऊठ! हो! ऊठ!"

कोणी तरी फिसकन हसलं. पण उत्कर्षा नुसती बसून राहिली नाही. त्या पोरीने इंजिन चालू केलं आणि ते चार बोटांचं बटण दाबून धरलं.

मित्रांनो, माझ्या त्या छोट्या पंपाला तेव्हा जितकी ताकद होती तितकी मी लावली. पिशव्या फुटल्या तर फुटल्या, उद्या भंगारात गेले तरी चालेल, पण आज हा माणूस माझ्यातून उचलला जाणार नाही, एवढंच माझ्या मनात होतं. पंप किंचाळला. मी मागून उठले. माझ्या उंचीला आले आणि तिथे थांबले नाही, आणखी वर गेले. मागची सीट दत्तोबांना घेऊन वर आली. त्यांचे गुडघे खाली उतरले, पाय सरळ झाले, दाराच्या कडेवरची मूठ घट्ट झाली. आणि ते उभे राहिले. स्वतःच्या पायांवर.

त्यांनी टोपी सारखी केली, सहा पावलं चालले, आणि नारळ एका घावात फुटला.

हलगीवाल्याने कोणाची वाट न बघता सुरुवात केली. हिंदुराव म्हणाले, "गाडीनं उठीवलं त्यांना, हे काय खरं न्हाई." पुजारी म्हातारा होता, पण त्याची जीभ शाबूत होती. तो म्हणाला, "हिंदुराव, तुम्ही 'कोणी' म्हटलं होतं. 'कशानं' म्हटलं नव्हतं. घ्या, प्रसाद घ्या." रविराज माझ्याजवळ आला, झुलीची घसरलेली कड नीट केली आणि हात तिथेच ठेवला.

अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू हात जोडते आणि म्हणते, मला जपा, मला टाकू नका. मी हात जोडणार नाही. मला जपायचं की नाही, हा तुमचा प्रश्न आहे आणि त्यात तुमची लायकी दिसेल, माझी नाही. फक्त एक सांगते. उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाडी घ्यायला जाल. वर बसायचं की खाली, हे खुशाल ठरवा. पण सिग्नलवरच्या लोकांना विचारून ठरवू नका. घरात ज्याला तिच्यातून उतरायचं आहे त्याला आधी विचारा. आणि घेतलेल्या वस्तूला कुठे दुखत असेल तर झूल घालण्याआधी ते बघा.

हे मी दत्तोबांकडून शिकले. पोळ्यानंतर महिन्याभराने माझ्या नव्या पिशव्या आल्या, तेव्हा त्या बसवून होईपर्यंत ते गॅरेजमध्ये स्टुलावर बसून होते. आता मी कधीच खाली बसत नाही. चार चार दिवस ओट्याला लागून उभी असते, तशीच्या तशी.

तरी रोज सकाळी दत्तोबा चहा झाल्यावर ओट्याच्या कडेला सरकतात, माझ्या दाराची मूठ धरतात, छतावर थाप मारतात, "ऊठ, हो!" म्हणतात, आणि उठतात.